हळदीतल्या अळ्या

ऑक्टोबरच्या मध्यावर जर्मनीतल्या आमच्या बॉबलिंगेन गावाभोवतीच्या उतारांवर सफरचंदं कुजायला लागतात. कुरणांतली ती जुनी झाडं आता कुणाला नको आहेत. फळं आपोआप पडतात, गवतात तोंड खुपसून तपकिरी होतात, सालींना भोकं पडतात आणि त्या भोकांतून सुस्तावलेल्या गांधीलमाश्या ये-जा करत राहतात. वारा पडला की गोडसर, आंबलेला, थोडासा दारूकडे झुकणारा वास वर चढत थेट आमच्या बाल्कनीपर्यंत येतो. इथले लोक त्याला शरदाचा सुगंध म्हणतात. म्हणोत बापडे.

परवा नातीला घेऊन त्या वाटेनं चाललो होतो. तिचा पाय एका मऊ फळावर पडला, पचकन आवाज झाला आणि ती एका पायावर उभी राहून किंचाळली, "ईगिट!" इथली मुलं किळस आली की असंच ओरडतात. मी म्हटलं, "अगं, शी म्हण. आपल्यात शी म्हणतात." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. "नाइन, आजोबा. ईगिट," तिनं मला ठणकावलं आणि बूट गवतावर घासत राहिली. संध्याकाळी माझ्या ताटातली भाजी तशीच राहिलेली पाहून सूनबाईनं विचारलं, "अहो बाबा, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "काही नाही गं, तो वास डोक्यात गेलाय." ते खरंच होतं. गेली कित्येक वर्षं हा महिना आला की माझं असंच होतं. अन्नावरची वासना उडते आणि एका विशिष्ट ऑक्टोबरची शिसारी नव्यानं येते.

किळस माणूस जन्मताना बरोबर आणत नाही, ती कुणीतरी शिकवावी लागते. मला ती आईनं शिकवली. आम्ही नाशिकचे. वडील इंग्रजांच्या अमदानीत देवळालीच्या छावणीत कारकून होते. संध्याकाळी ते परतले की आई त्यांना मागच्या दाराशीच थांबवायची. कपडे तिथंच उतरायचे, विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग घरात पाऊल. "त्या गोऱ्यांच्या खुर्च्यांवर बसून आलात," असं म्हणताना तिच्या नाकपुड्या आक्रसायच्या. शाळेत गुरुजी इंग्रजांची शिस्त, इंग्रजांचा टापटीपपणा सांगायचे, आणि घरी इंग्रज म्हणजे धुऊन काढायची गोष्ट. इंग्रज निघून गेले तेव्हा मी शाळकरी होतो. त्यांच्यातला एकही मी जवळून पाहिलेला नव्हता. तो योग जर्मनीत यायचा होता.

साठ सालची गोष्ट. मी श्टुटगार्टला यंत्रशास्त्र शिकत होतो आणि त्या सहामाहीत झिंडेलफिंगेनच्या मोटारीच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकायला जायचो. जवळ खोली हवी म्हणून बॉबलिंगेनमध्ये दारं ठोठावत हिंडलो. एका घरी, "खोली कालच गेली." दुसऱ्या घरी दार उघडलंच नाही. तिसऱ्या घरातल्या बाईनं अगदी प्रामाणिक काळजीनं विचारलं, की तुमचा रंग चादरीला लागतो का. चौथं घर फ्राउ हेबर्लेंचं. पन्नाशीची, आखूड बांध्याची, खळीच्या कपड्यासारखी ताठ बाई. नवरा युद्धात रशियाला गेला तो परतला नव्हता. तिनं मला पायांपासून केसांपर्यंत न्याहाळलं, नखं पाहिली, आणि म्हणाली, "तर मग, हेर वाइद्या, परदेशी माणूस मी कधी ठेवला नाही. पण तुम्ही स्वच्छ दिसता."

वैद्य हे आडनाव तिच्या तोंडात वाइद्या झालं होतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. स्वच्छ दिसता, हे वाक्य मी प्रशस्तिपत्रासारखं छातीशी धरून जिना चढलो.

त्या घरात स्वच्छतेखेरीज दुसरा देव नव्हता. श्वाबेन प्रांतात प्रत्येक बिऱ्हाडाला पाळीपाळीनं आठवडाभर जिना, अंगण, तळघराच्या पायऱ्या झाडून-पुसून काढाव्या लागतात. पाळी आली की दारावर एक लाकडी पाटी टांगली जाते. त्याला म्हणतात केरवोखे. त्यात आपला केर असल्यामुळे शब्द मला पहिल्या दिवशीच पाठ झाला. माझ्या पाळीला मी जिना असा घासायचो की फ्राउ हेबर्ले कठड्याच्या खालून बोट फिरवून पाहायच्या, बोट दिव्याकडे धरायच्या आणि म्हणायच्या, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. गुरुजींनी पाठीवर थाप मारावी तसं मला वाटायचं.

माझ्या शेजारच्या खोलीत सप्टेंबरमध्ये आर्थर आला.

चाळिशीचा, उंच, पोक काढून चालणारा, नाकाच्या शेंड्यावर बारमाही लाली. कारखान्यातल्या इंजिनियरांना तो इंग्रजी शिकवायचा. स्वतः मात्र जर्मन शिकायचं नाव घेत नव्हता. पहिल्या भेटीत मी नाशिकचा म्हटल्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "देवळालीच्या शेजारचा! अरे, युद्धात मी दोन वर्षं होतो तिथं!" आणि त्यानं मोठ्या प्रेमानं आपलं हिंदुस्थानी म्हणून दाखवलं. जल्दी जल्दी. पानी लाओ. इधर आओ. चुप रहो. आमच्याकडच्या भाषांतली जेवढी क्रियापदं त्याच्यापाशी होती ती सगळी आज्ञार्थी होती, आणि हे त्याच्या गावीही नव्हतं. मी हात सोडवून घेतला आणि खोलीत जाऊन साबणानं धुतला. आईची आठवण झाली.

पण खरी किळस सुरू झाली ती दुसऱ्या सकाळी. मजल्यावर आम्हा दोघांत मिळून एक बेसिन होतं. आर्थर त्याला बूच लावायचा, किटलीतलं गरम पाणी ओतायचा आणि त्या साठवलेल्या पाण्यात तोंड धुवायचा. त्याच पाण्यात दाढीचा ब्रश, त्याच पाण्यात वस्तरा. पाणी राखाडी व्हायचं, वर फेसाचे पुंजके आणि त्यांत दाढीचे केस तरंगायचे, आणि शेवटी त्याच पाण्याच्या दोन ओंजळी तो समाधानानं चेहऱ्यावर मारायचा. मी टॉवेल खांद्यावर टाकून मागं उभा असायचो. वाहत्या पाण्याखेरीज कशाला पाणी न म्हणणाऱ्या घरातला मी. दीडशे वर्षं आपण यांना वाकून सलाम केले, हे डोक्यात यायचं.

स्वयंपाकघरातही तेच. एका तसराळ्यात साबणाचं पाणी करायचं, त्यात बशा, कप, काटे, कढई एकामागून एक बुडवायचे, आणि फेसासकट तसेच निथळत ठेवायचे. खळबळणं नाही, विसळणं नाही. फेस कपाच्या कडेनं गोगलगाईसारखा हळूहळू उतरायचा. मग त्याच कपात आधी दूध, वर चहा. किटलीला थंडी वाजू नये म्हणून तिला लोकरीची टोपी. पावावर तो एक काळा, चिकट, खमिराचा लेप लावायचा. त्याला जुन्या गोठ्यातल्या दोरखंडाचा वास येई. कधी गोठलेली चरबी मिठाबरोबर पावाला फासायचा. नाक शिंकरलेला रुमाल घडी घालून खिशात ठेवायचा, आणि ओला झाला की शेगडीच्या दांडीवर, माझ्या भाताच्या पातेल्याच्या बरोबर वर, वाळत घालायचा.



याच दिवसांत घरात टेलिव्हिजनची मिजास नवी होती. रोमचं ऑलिंपिक पाहायचं म्हणून फ्राउ हेबर्लेंनी उन्हाळ्यात तो घेतला होता. लाकडी पेटीचा, दोन दारांचा, देव्हाऱ्यासारखा. वर नवऱ्याचा फोटो. सगळ्या देशाला मिळून तेव्हा एकच वाहिनी होती, तीही दिवसातले काही तास. दर शनिवारी संध्याकाळी आम्हा दोघांना बैठकीच्या खोलीत बोलावणं असायचं. बूट बाहेर काढायचे. फ्राउ हेबर्ले गादीच्या खुर्चीत. आर्थर तिवईवर. माझ्या खुर्चीवर पांढरी, इस्त्री केलेली चादर अंथरलेली असे. खास माझ्यासाठी एक कपही ठरलेला होता, निळ्या काठाचा, कानाला टवका गेलेला. तो खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. एवढ्या अगत्याचं मला फार अप्रूप होतं. आईला पत्रात मी ते कळवलंही.

पडद्यावर गाणी असत, ग्रामीण बोलीतली नाटकं असत, कुठल्याशा मंत्र्याचं भाषण असे. आर्थरला एक अक्षर कळत नसे, त्यामुळे त्याला सगळंच आवडे. तो फक्त चित्रं पाहायचा आणि दर आठवड्याला त्यातून एक नवा छंद उचलायचा. एका शनिवारी कुणी बाई विणकाम दाखवत होती. सोमवारी आर्थर सुया घेऊन आला आणि तेव्हापासून टेलिव्हिजनसमोर बसून जिभेचं टोक बाहेर काढून विणू लागला. किटलीची दुसरी टोपी झाली, मग साबणाला एक पिशवी झाली. त्या ओल्या पिशवीला पुढे हिरवट बुरशी आली. मग पडद्यावर जंगलातल्या अळंब्या आल्या. आर्थरनं टोपलीभर आणून दोऱ्यात ओवल्या आणि माळा करून शेगडीवर टांगल्या. त्या काळवंडल्या, आक्रसल्या, कुणाचे तरी कान टांगून ठेवावेत तशा दिसू लागल्या. आठवड्यानं त्यांतून पाणी गळायला लागलं तेव्हा फ्राउ हेबर्लेंनी चिमट्यानं धरून त्या बाहेर फेकल्या.

त्या दिवसापासून आमची, म्हणजे फ्राउ हेबर्लेंची आणि माझी, दोस्ती जमली. आर्थर शिकवायला गेला की मी स्वयंपाकघरात जाऊन दिवसाचा वृत्तान्त द्यायचो. आज रुमाल कुठे होता. आज बेसिनमध्ये काय सापडलं. त्या बटाटे सोलता सोलता ऐकायच्या. "नाइन!" "ओट्याजवळ?" "गेनाऊ, मलाही तोच वास आला!" त्यांचे गाल तांबडे व्हायचे, माझी जीभ सैल सुटायची. एकदा त्या म्हणाल्या, "आणि या लोकांनी आम्हाला युद्धात हरवलं." मी म्हणालो, "आणि आमच्यावर राज्य केलं." दोघंही हसलो. त्या परक्या गावात कुणाबरोबर इतकं मोकळं हसण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. कुणाची तरी घाण मध्ये ठेवून दोन माणसं किती झटकन जवळ येतात! ती ऊब मला हवीहवीशी वाटत होती, हे आज मान्य करायला हवं. मी रात्री बिछान्यात पडून उद्या सांगायचे तपशील जुळवायचो. काही तर मी थोडे फुगवूनही सांगितले.

ऑक्टोबर लागला. गावात मोस्टची घाई सुरू झाली. सफरचंदं आणि नासपती दाबून रस काढायचा आणि तळघरातल्या पिंपात आंबवत ठेवायचा; त्या आंबट पेयाला इथं मोस्ट म्हणतात. गल्लीगल्लीत चोथ्याचे ढीग पडले, त्यांच्यावर माश्या घोंघावू लागल्या. फ्राउ हेबर्लेंनी आपलं पिंप तीन दिवस घासलं, रस भरला, आणि ते तळघरात अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं.

त्याच सुमाराला आर्थरला खोकला झाला. भिंतीपलीकडून रात्रंदिवस खोकायचा. आईनं ओळखीच्या एका विद्यार्थ्याबरोबर बोटीनं पाठवलेला हळदीचा डबा माझ्यापाशी होता. घरी कांडलेली, वस्त्रगाळ हळद. मी ती केशरासारखी जपून वापरायचो. डबा नुसता उघडला तरी आमचं माजघर दिसायचं. एका संध्याकाळी आर्थर दारात येऊन म्हणाला, "तुझ्या त्या पिवळ्या पुडीतली थोडी देशील? दोन-तीन चमचे?" मला वाटलं, देवळालीत कुणीतरी त्याला हळद-दूध पाजलं असणार. म्हटलं, किळसवाणा असला तरी माणूस आहे, घसा दुखतोय त्याचा. मी चांगली अर्धी वाटी दिली. "दुधात घालून गरम गरम पी," असंही सांगितलं. तो चमकला, मग म्हणाला, "दुधात? बरं, बरं. आभारी आहे."

पुढच्या रविवारी सकाळी फ्राउ हेबर्लेंनी मला तळघरातून बटाटे आणायला सांगितलं. तिथं पिंपामागच्या थंड फरशीवर तंबाखूचा एक पत्र्याचा डबा दिसला. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. आतून पावसाच्या बारीक सरीसारखा सरसर आवाज येत होता. मी झाकण काढलं.

लाकडाच्या भुशात शेकडो अळ्या वळवळत होत्या. एकमेकींवर चढत होत्या, घसरत होत्या, खाली जात होत्या, पुन्हा वर येत होत्या. आणि सगळ्या पिवळ्या. लग्नातल्या अक्षतांसारख्या पिवळ्या. भुशातून वर आला तो वास माझ्या आईच्या माजघराचा होता.

मी तिथंच फरशीवर ओकलो. मग ती फरशी तीनदा धुतली. डबा होता तिथंच ठेवला.

त्याचं स्पष्टीकरण मला माहीत होतं, फक्त मी ते जुळवलं नव्हतं. दोन शनिवारांपूर्वी टेलिव्हिजनवर नेकार नदीवर गळ टाकून बसलेला एक माणूस दाखवला होता आणि आर्थर विणकाम खाली ठेवून पुढे झुकला होता. त्याच्या गावाकडे मासे धरायला अळ्या वापरतात, त्या कलेजीच्या तुकड्यावर पोसतात, माश्या होऊ नयेत म्हणून थंडाव्यात ठेवतात, आणि माशांना रंग-वास आवडतो म्हणून त्यांना हळद चोळतात. हे सगळं त्यानं मला पुढे फार कौतुकानं सांगितलं. पण त्या सकाळी मला त्याला विचारावंसंही वाटलं नाही. भांडावंसं वाटलं नाही. मला फक्त तो माझ्या आयुष्यातून, त्या बेसिनपासून, त्या घरातून नाहीसा व्हायला हवा होता.

तो पहाटेच थोड्या अळ्या घेऊन नदीवर गेला होता. मी वर गेलो. फ्राउ हेबर्ले रविवारच्या चर्चसाठी केस बांधत होत्या.

"फ्राउ हेबर्ले," मी म्हणालो, "मला सांगायला बरं वाटत नाही. पण तुम्ही एकदा पिंपामागे पाहून या."

हळदीचं मी काही बोललो नाही. त्या खाली गेल्या. किंकाळी येईल म्हणून मी वाट पाहत होतो, पण काहीच आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं त्या वर आल्या त्या भिंतीला धरून. "माझ्या तळघरात," त्या पुटपुटल्या. "माझ्या मोस्टशेजारी." पिंपाचं झाकण घट्ट बसलेलं होतं, आत काही जाणं शक्यच नव्हतं. तरी त्यांनी सगळा रस गटारात ओतायला लावला. तो मीच ओतला.

आर्थर दुपारी आला, एकही मासा न मिळता, प्रसन्न चेहऱ्यानं. फ्राउ हेबर्ले जिन्यात उभ्या राहून बोलू लागल्या. त्याला अर्धंही कळेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते आहे ती?"

आणि मी दुभाष्या झालो. ती म्हणते, शनिवारपर्यंत खोली सोड. ती म्हणते, तिनं असा माणूस आयुष्यात पाहिला नाही. एकेक वाक्य मी नीट, व्याकरणशुद्ध इंग्रजीत त्याला दिलं. त्याच्या नाकाची लाली सगळ्या चेहऱ्यावर पसरत गेली. "पण ते आमिष आहे रे, नुसतं आमिष," तो म्हणाला. मग हळूच, "तिला कळलं कसं? ती तर पिंपामागे कधी जात नाही. विचार ना तिला."

ते मी विचारलं नाही. "ती चिडली आहे," एवढंच म्हणालो.

शनिवारी त्यानं बॅग भरली. टोपी घातलेली किटली काखेत घेऊन माझ्या दारात आला. "तुला मध्ये पडून बोलावं लागलं, फार अवघड गेलं असेल तुला," असं म्हणाला आणि गेला. जिन्यावरचे त्याचे चिखलाचे ठसे मी तासाभरात पुसून काढले. त्या रात्री बेसिन माझं एकट्याचं होतं. झोप फार चांगली लागली.

सोमवारी सकाळी मात्र एक गोष्ट घडली. आमचा संडास जिन्याच्या वळणावर होता, बर्फासारखा थंड, आत नळ नाही. मी कागदावर भागवणाऱ्यांतला नव्हतो. दुधाची एक छोटी ॲल्युमिनियमची बरणी तिथं कोपऱ्यात ठेवायचो. ऑक्टोबरची थंडी सुरू झाल्यापासून रोज सकाळी ती बरणी कोमट पाण्यानं भरलेली असायची. फ्राउ हेबर्ले करतात, असं मी धरून चाललो होतो. न बोलता केलेली सोय, मनात त्यांना दुवा द्यायचो. त्या सोमवारी बरणी रिकामी होती. मंगळवारीही. बुधवारी मी रिकाम्या बरणीकडे पाहत उभा राहिलो. ती बरणी कशासाठी आहे हे त्या घरात कुणाला ठाऊक असणार होतं? देवळालीत दोन वर्षं काढलेल्या माणसाला. दाढीसाठी किटली तापवताना तो आधी माझी बरणी भरत होता. आणि त्याबद्दल, एरवी सगळ्यावर बडबड करणारा तो, चकार शब्द बोलला नव्हता.

पण फ्राउ हेबर्लेंनाही ठाऊक होतं, हे मला त्याच आठवड्यात कळलं. त्या आणि खालच्या मजल्यावरच्या फ्राउ मायर जिना घासत होत्या. मी वरच्या वळणावर होतो. त्यांची श्वेबिश बोली एव्हाना मला कळू लागली होती.

"इंग्रज गेला, देवाची कृपा," फ्राउ हेबर्ले म्हणाल्या. "आता वसंतात त्या काळ्यालाही काढते. तुम्हाला सांगते, तो हातानं धुतो. बरणीतल्या पाण्यानं, हातानं! आणि मग त्याच हातानं माझ्या दाराची कडी धरतो. मी त्याचा कप पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवलाय. खुर्चीवर चादर घालते, ती रविवारी उकळून काढते."

"ईगिट," फ्राउ मायर म्हणाल्या.

"गेनाऊ."

तो आवाज मला पाठ होता. बटाटे सोलताना माझ्यासमोर बसून लागणारा तोच सूर, तीच चव घेत बोलणं. त्यात राग नव्हता, मौज होती. मी कठड्याला धरून पायरीवर बसलो. आणि मला आठवला आमच्या नाशिकच्या परसातल्या कोनाड्यातला कप. मागची मोरी साफ करायला येणाऱ्या सखूबाईचा. आई त्यात उंचावरून चहा ओतायची, कपाला भांडं टेकू न देता. सखूबाई तो स्वतः विसळून कोनाड्यात पालथा घालायची. लहानपणी मी तो कप शेकडो वेळा पाहिला होता, आणि त्याला कान आहे की नाही हेही मला आठवेना.

त्या दिवशी मला कुणाची किळस आली, ते नेमकं सांगता येत नाही. फ्राउ हेबर्लेंची आली. आईचीही आली, आणि तसं वाटल्याची भीती वाटली. पण सगळ्यांत जास्त, स्वयंपाकघरात उभं राहून आणखी एक तपशील फुगवणाऱ्या त्या चोवीस वर्षांच्या मुलाची आली. ती धुऊन जाण्यासारखी नव्हती. आजही त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला की मी मान फिरवतो.

महिनाअखेर खोली सोडतो, असं मी सांगितलं. फ्राउ हेबर्लेंना फार नवल वाटलं. "पण तुम्ही तर किती नीटनेटके!" असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटंही नव्हतं. दुसरीकडे खोली मिळेना. कारखान्यात आर्थर भेटला. झिंडेलफिंगेनमध्ये एका बेकरीच्या माडीवर राहत होता. मी खोली शोधतोय हे ऐकून त्यानं विचारलं, "तुलाही काढलं का तिनं?" मी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, मलाही ठाऊक नाही. "माझ्याकडे दुसरी खाट आहे," तो म्हणाला. "ये."

तो सबंध हिवाळा मी त्याच्या शेजारच्या खाटेवर काढला. माझ्या मनात काही चमत्कार झाला, त्याचं सगळं मला गोड वाटू लागलं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्याचे फेसाळ कप मी रोज पुन्हा विसळत होतो. त्याचा रुमाल दिसला की अजून भाताचं पातेलं उचलून बाजूला ठेवायचो. माशांचं वेड सुटून आता त्याला जुनी पुस्तकं बांधण्याचं वेड लागलं होतं, आणि सबंध खोलीला जनावरांची हाडं उकळून केलेल्या सरसाचा वास मारायचा. मी खिडकी उघडायचो. तो कोट अंगावर ओढून घ्यायचा.

जानेवारीत एका रविवारी दुपारी बाहेर बर्फ पडत होतं. मी आराखडे काढत होतो, तो पुठ्ठ्याला सरस लावत होता. एकाएकी त्यानं ब्रश खाली ठेवला.

"तुला एक सांगायचं आहे," तो म्हणाला. "बरेच दिवस मनात आहे. रागावणार नाहीस ना?"

"नाही. बोल."

"त्या अळ्यांचं प्रकरण झालं ना, तेव्हा मला वाटलं, तूच तिला सांगितलंस. दुसरं कोण सांगणार? दोन आठवडे मी तेच धरून बसलो होतो. कारखान्यात तू दिसलास तर तोंड चुकवायचो." त्यानं बोटांवरचा सरस पुसला. "आणि मग तू इथं राहायला आलास. तसं केलेला माणूस येईल का? त्या दिवसापासून मला माझीच लाज वाटते आहे. तुझ्याबद्दल इतका घाणेरडा विचार केला मी. मला माफ कर."

बेकरीतून ताज्या पावाचा वास वर येत होता. तो माझ्याकडे पाहत होता, पापणी न हलवता. मी कागदावरची रेघ पुरी केली. ती वाकडी गेली.

"असू दे रे," मी म्हणालो. "विसरून जा."

त्यानं मोठा श्वास सोडला. खांदे सैल झाले, आणि तो पुन्हा पुठ्ठ्याकडे वळला, शीळ घालत. मी त्याला माफ केलं होतं.